शिवणीत राखलेलं कापड

क्लिफर्ड होलरॉइडला गाता येत होतं की नाही, यावर लीड्स शहराच्या आर्मली वस्तीत अजून दोन तट आहेत. कपडे मात्र त्याच्यासारखे कुणी घातले नाहीत, हे सगळ्यांना मान्य. ते कपडे शिवणारी त्याची थोरली बहीण थेल्मा. तिचं मत कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

दोघंही पंधराव्या वर्षी लीड्सच्या शिलाई कारखान्यात चिकटलेली. ती मशीनवर, तो कापड बेतायच्या खात्यात. चांगल्या सुटाच्या शिवणीत दोन बोटं माया राखायची, म्हणजे अस्तराखाली जादा कापड दुमडून ठेवायचं, हे दोघं तिथेच शिकली. आज सडपातळ असलेल्या गिऱ्हाइकाचं चाळिशीत पोट सुटतं. तेव्हा शिवण उसवून सूट सैल करता आला पाहिजे.

बहात्तर साली क्लिफच्या बँडचं, पॅराफिन किंग्जचं, एक गाणं देशात एकोणिसाव्या नंबरावर गेलं आणि त्यांना टीव्हीवरून बोलावणं आलं. करवल्यांच्या झग्यांसाठी आणलेल्या जांभळ्या सॅटिनमधून थेल्माने चार दिवसांत सूट उभा केला. कॉलर इतकी रुंद की शेजारचा म्हातारा म्हणाला, "वाऱ्यात उभा राहू नकोस, पोरा, समुद्रापार जाशील." गल्लीतले सगळे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे ज्या सुटाचं पुढे इतकं नाव झालं, तो शेजाऱ्यांनी पाहिला तेव्हा राखाडी होता.

दुसरं गाणं काही वर गेलं नाही. मग उरले कामगारांचे क्लब. शनिवारी क्लिफ डोळे मिटून वरचा सूर लावणार, तेवढ्यात क्लबचा सेक्रेटरी माइकवर यायचा: "मंडळी, कोळंबीवाला आलाय, रांगेत या. आणि मग बिंगो." अर्धं सभागृह उठायचं. क्लिफ डावा अंगठा कोटाच्या खिशात अडकवून असा उभा राहायचा, जणू हे मध्यंतर त्यानेच ठरवलं होतं. अशी चोवीस वर्षं. बिअरने पोट वाढलं, थेल्माने तीनदा शिवणी सोडल्या. तरी प्रत्येक वेळी थोडं कापड आत राखून ठेवलं.

शहाण्णवच्या हिवाळ्यात घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज. अंगही इतकं झडलं की सूट त्याच्यावर लोंबायला लागला. थेल्माने तो आत घेतला, पण कात्री लावली नाही. सगळं कापड आत दुमडलं.

"भरशील परत," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, वर्ष लागतं."

त्याच सुमारास ब्रिडलिंग्टनहून पत्र आलं. मे महिन्यात, समुद्रकाठच्या नाट्यगृहात, जुन्या बँडांचा मेळा. पॅराफिन किंग्जनाही आमंत्रण. क्लिफला आता दुसरं काही नको होतं. मेपर्यंत आवाज आणायचा आणि तो सूट घालून एकदा गायचं, मध्ये कोळंबीवाला न येता. रोज सकाळी दहाला तो थेल्माच्या स्वयंपाकघरात उभा राहून रियाज करायचा. फरशीवर खुर्ची ओढल्यासारखा आवाज निघायचा. थेल्मा दहाच्या ठोक्याला किटली लावायची. चहाची तलफ नसायची तिला. किटली उकळताना मोठा आवाज करते, म्हणून.

एप्रिलमध्ये बँडचा गिटारवाला नॉर्म थॅक्रे आला. बरोबर एक सडसडीत तिशीतला माणूस.

"आयोजकांचा फोन होता," नॉर्म हातातली टोपी फिरवत म्हणाला. "त्यांना पॅराफिन किंग्ज हवेत."

"मग आहेत की," थेल्मा म्हणाली.

"गाणारे हवेत गं." त्याने क्लिफकडे पाहायचं टाळलं. "हा ॲड्रियन पिकल्स. वेकफील्डला गालिचे विकतो. हुबेहूब क्लिफसारखा गातो. म्हणजे, तेव्हाच्या क्लिफसारखा."

"गा," क्लिफ कुजबुजला.

पिकल्स सिंकपाशी उभा राहून गायला. वाईट गायला असता तर थेल्माने दोघांना त्यांच्या टोप्यांसकट हाकललं असतं. पण तो चांगला गायला. तो वरचा सूरसुद्धा लागला.

"आणि सूट," नॉर्म म्हणाला.

"सुटाचं काय?"

"लोकांना सूट आठवतो, थेल्मा. गाण्याचं दुसरं कडवं तर मलाही आठवत नाही."

"तुला लाज वाटत नाही का रे?"

"वाटते ना. घरून निघाल्यापासून वाटतेय. पण आपल्याला पुन्हा कोण बोलावणार आहे?"

क्लिफ वर गेला आणि हँगरसकट सूट घेऊन आला. तो टेबलावर ठेवून त्याने थेल्माला खूण केली: माप घे.

थेल्मा टाचण्या लावत होती तेव्हा क्लिफने पिकल्सचा हात धरून खिशाकडे नेला. "डावा. उजवा नाही. आणि घाई करायची नाही."

"हो, मिस्टर होलरॉइड," पिकल्स म्हणाला. बिचारा घामाने भिजला होता.

गुरुवारी पिकल्स सूट घालून बघायला आला. थेल्माने सूट त्याच्या मापाने आत घेतला होता. लांबून झकास दिसत होता.

"छान बसलाय," ती लगबगीने म्हणाली. "काढा आता, घडी घालून देते."

क्लिफ उठला. पिकल्सच्या काखेपासून कमरेपर्यंत त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि थांबला.

"कापलं नाहीस."

"एका दिवसापुरताच तर घालणार. नंतर उसवता येईल."

"कुणासाठी?"

थेल्माने सुईचा डबा उघडला आणि पुन्हा लावला. "तू भरशील, क्लिफ. अजून वर्ष कुठे झालंय?"

"स्टेजच्या दिव्यांखाली शिवणीत गाठोडं दिसेल," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. "कारखान्यातून असं काम बाहेर गेलं असतं का?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. भांडायला थेल्मा भीत नव्हती. पण त्याने ड्रॉवरमधून मोठी कात्री काढली आणि तिच्यासमोर ठेवली, मूठ तिच्याकडे करून.

थेल्माने अस्तर उसवलं आणि कापलं. डावी बाजू, उजवी बाजू, मग पाठ. चोवीस वर्षांच्या धुराने नि घामाने सूट बाहेरून शिळ्या चहासारखा झाला होता. फरशीवर पडत होत्या त्या पट्ट्या मात्र गर्द जांभळ्या होत्या, त्यांना उजेड लागलाच नव्हता.

"अरे वा," पिकल्सने एक पट्टी उचलली. "खरा रंग असा होता?"

क्लिफने ती त्याच्या हातातून घेतली. बाकीच्या झाडूने गोळा केल्या आणि सगळ्या मिळून कचऱ्याच्या डब्यात चहाच्या चोथ्यावर टाकल्या. शुक्रवारी कचऱ्याची गाडी यायची. मग त्याने पिकल्सला आरशासमोर उभं केलं. पिकल्सने अंगठा अडकवला. डावा. क्लिफने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दहाला थेल्माने सवयीने किटली लावली. क्लिफ टेबलाशी पेपर वाचत बसला होता. ती थोडा वेळ ओट्यापाशी थांबली, त्याच्याकडे बघत. मग पाणी उकळायच्या आतच तिने किटली बंद केली. आता तिच्या आवाजात बुडवायला काही नव्हतंच.