मंगळवारवाले आणि गुरुवारवाले

मी पन्नाशीला आलो आहे आणि टीव्हीवरच्या कुस्त्या पाहतो. मातीतल्या नाही, त्या परदेशातल्या. चारी बाजूंनी दोर बांधलेले, पहिलवान वाजतगाजत येणार, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं. भंडाऱ्याला ज्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे तिथे हे कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंच तर मी क्रिकेट सांगतो.

हे माहीत होतं ते बायकोच्या धाकट्या भावाला, कारण तोही पाहायचा. तो चिखल्याकडे खाणीवर टिपर चालवायचा, आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा आणि शनिवारी अड्याळला घरी जायचा. वाटेत आमचं कारधा लागतं. संध्याकाळी बसमधून उतरून तो आमच्याकडे चहाला थांबायचा, आणि चप्पल काढता काढता विचारायचा, "मग भाऊजी, पायलं का मंगळवारचं?"

असे दोन कार्यक्रम आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि त्यांचं एकमेकांशी हाडवैर. एक आपल्याकडे मंगळवारी सकाळी लागतो, एक गुरुवारी. मंगळवारवाले जुने, श्रीमंत. त्यांच्याकडे फटाके, धूर, प्रत्येक पहिलवानाचं वेगळं गाणं, आणि अर्धा वेळ माइक हातात घेऊन भाषणं. गुरुवारवाले नवे. हॉल लहान, बोलणं कमी, मारामारी जास्त. तो मंगळवारवाल्यांचा आणि मी गुरुवारवाल्यांचा.

"तुमच्या गुरुवारात गोष्टच नाई," तो म्हणायचा. "नुसते आपटून राहिले एकमेकाले. कायले आपटून राहिले, त्याईलेच माहीत नाई."

"आणि तुझ्या मंगळवारात कुस्तीच नाही. नुसती ग्रामसभा."

"ग्रामसभेतबी मजा येते, भाऊजी. तुमी कधी येतच नाई."

बायको आतून म्हणायची, "दोघंही म्हातारे होऊन राहिले, अक्कल कधी येईल?" पण तिला ते आवडायचं. लग्नानंतर कित्येक वर्षं तो आणि मी एकमेकांशी जेवायच्या पलीकडे बोलत नव्हतो. या कुस्त्यांमुळे बोलायला लागलो.

माझा मुद्दा नेहमी एकच असायचा. या खेळात मार खोटा असतो, म्हणून दुखणं खरं दाखवता आलं पाहिजे. गुरुवारवाल्याचा गुडघा मोडला की तो शेवटपर्यंत लंगडतो, पुढच्या आठवड्यातही पट्टी बांधून येतो. मंगळवारवाला डावा गुडघा धरून लोळतो आणि जिंकल्यावर त्याच पायावर उड्या मारतो. कधी कधी तर विसरून दुसऱ्याच पायाने लंगडतो. असं कुणी सापडलं की मला फार आनंद व्हायचा. मी ते मोबाइलवर थांबवून, मागे नेऊन त्याला पुन्हा पुन्हा दाखवायचो. तो हसायचा, म्हणायचा, "तुमी मास्तर व्हाले पायजे होते, भाऊजी. पोट्टे नापासच झाले असते सारे."

या पावसाळ्यात, रोवण्याच्या म्हणजे भातलावणीच्या आधी, आम्ही सगळे अड्याळला जमलो. सासरची धानाची शेती आहे. रोवण्याच्या दिवसांत सगळ्यांची एकदम घाई असते, मजूर मिळत नाहीत, म्हणून बाहेर नोकरीला असलेला प्रत्येक माणूस घरी येतो असा रिवाज आहे. बायका रोवतात. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, त्यांच्या ओल्या पेंड्या वाहून बांध्यांत, म्हणजे चिखल केलेल्या वाफ्यांत, टाकणं हे पुरुषांचं काम. आमच्या घरी ते काम दरवर्षी तो करायचा. या वेळी जेवताना तो म्हणाला, "मी नाई उचलू शकत पेंड्या. कंबर लय दुखते. पायात कळ जाते."

मोठा मेहुणा म्हणाला, "काहून, टिपरमंदी बसूनच तर असते तू."

सासूबाईंचा ताटातला हात थांबला.

मी त्याला तीन-चार शनिवारांपासून पाहत होतो. आमच्या पायऱ्या चढताना तो आधी डावा पाय ओढायचा. त्या दिवशी अंगणातून येताना उजवा ओढत होता. मला ते दिसलं, आणि मोबाइलवर कुणी सापडल्यावर व्हायचा तोच आनंद झाला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, मागच्या शनिवारी तर डावा लंगडत होता! पाय विसरला हा. पक्का मंगळवारवाला!"

आधी बायकोला कळलं, ती हसली. मग मी सगळ्यांना समजावून सांगितलं, उठून चालूनही दाखवलं, डावा लंगडा, मग उजवा. मोठा मेहुणा इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. घरात माझं बोलणं एवढं कधी रंगलं नव्हतं. तोही हसला. "पकडलं भाऊजीनं," म्हणाला, आणि ताट उचलून गेला.

सकाळी तो आमच्या आधी शेतात होता.

दुपारपर्यंत त्याने पेंड्या वाहिल्या. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो, कारण जावयाला कुणी चिखलात उतरू देत नाही. तो मधे मधे माझ्याकडे पाहायचा. कुठलाही पाय ओढताना दिसत नव्हता. मला वाटलं, बघा, बरोबर होतं आपलं. मग एका बांधीच्या मधोमध त्याच्या खांद्यावरून पेंड्या पडल्या आणि तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला.

रोवणाऱ्या बायका थांबल्या. आदल्या दिवशीची गंमत तोवर सगळ्यांपर्यंत पोचली होती. मोठा मेहुणा ओरडला, "जवाईबुवा, मोजा! पंचाचं काम तुमचं!"

मी मोजलं. पहिलवान पडला की टीव्हीतला पंच दहापर्यंत मोजतो, तसं छत्रीचा दांडा बांधावर आपटत मी एक, दोन, तीन म्हणत गेलो, आणि बायका माझ्यासोबत म्हणायला लागल्या. मी त्याचं तोंड पाहत होतो. चिखलात अर्धं बुडालेलं. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो की छान करतो आहे, आज पहिल्यांदा गुरुवारवाल्यासारखं करतो आहे. सातपर्यंत गेलो. तेव्हा त्याची वहिनी रोपं टाकून त्याच्याकडे पळाली.

त्याला पाय हलवता येत नव्हते.

नागपूरला डॉक्टरांनी सांगितलं, कमरेतली गादी सरकून नसांवर दाबत होती. ओझं उचलल्याने आणखी सरकली. मी विचारलं, "कळ एका पायातून दुसऱ्या पायात जाते का?" डॉक्टर म्हणाले, जाते, पुष्कळांना जाते, तोच तर इशारा असतो. हे मी का विचारलं ते त्यांना माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं. ती भिंतीकडे पाहत राहिली.

ऑपरेशन झालं. पायांत बळ परत येईल, पण किती आणि कधी ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. टिपर तर नाहीच.

घरात मला कुणी काही बोललं नाही. मोठा मेहुणा म्हणतो, "हसलो तर सारेच होतो." खरं आहे. पण त्याचा पाय आठवडाभर लक्षात ठेवणारा माणूस मी एकटाच होतो. एखाद्याचं लंगडणं मी इतक्या बारकाईने पाहिलं, आणि एकदाही विचारलं नाही की दुखतं का. ते मी उशिरा विचारलं, अड्याळला, तो खाटेवर पडलेला असताना. तो म्हणाला, "आता कमी हाय." मी माफी मागितली. नीट मागता आली नाही. तो म्हणाला, "राहू द्या, भाऊजी. मीच तुमाले खोटं पाडाले गेलो."

आता मी दर रविवारी जातो. कुस्त्यांचं कुणीच काढत नाही. मी दोन्ही कार्यक्रम बंद केले आहेत. मोठा त्याग केला असं काही नाही. कुणी पडलं की डोळे आपोआप खोटं शोधायला लागतात, आणि ते मला सहन होत नाही.

मागच्या रविवारी तो वॉकर धरून उभा राहिला होता. खाटेपासून दारापर्यंत जायचं होतं. सासूबाई एका बाजूला, मी समोर. त्याने पाऊल उचललं आणि थांबला. घाम आला होता. मला वाटलं दुखतंय, म्हणून मी पुढे झालो.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमी जरा तिकडं पाहा."

"काय झालं?"

"तुमी पाहून राहिले की मले माझंच दुखणं खोटं वाटते."

रागाने बोलला नाही. अडचण सांगावी तसं बोलला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर अंगणात नव्या कापणीचं धान वाळत होतं. मागे वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग पाऊल घासल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मान वळवावीशी वाटत होती. कोणतं पाऊल घासलं हे मला कळलं नाही, आणि मी ते ओळखायचा प्रयत्नही केला नाही. वॉकर पुन्हा टेकला. तो दाराशी पोचायला आला तसा त्याचा श्वास माझ्या पाठीवर जाणवला, आणि त्याला जागा व्हावी म्हणून मी न वळताच बाजूला सरकलो.