बसलेला पाटा मोडलेला नसतो

"दोन पाटे टाकल्याशिवाय गाडी खाली घेऊ नका," बालाजी म्हणाला.

गाडी माझ्या दुकानातल्या पिटावर, म्हणजे खालून काम करायच्या खड्ड्यावर, उभी होती. इलेक्ट्रिक पिकअप, नवीकोरी. बालाजी रेणापूरचा. आमच्या लातूर भागात नवी पिकअप घेतली की माणूस देवाला नारळ फोडतो अन् तिथून सरळ कमानपाट्याच्या दुकानात येतो. मागं जास्तीचे पाटे टाकून घेतो. गाडी मागून उंच दिसली पाहिजे. बसली की इज्जत गेली.

कमानपाटा म्हणजे पोलादाच्या वाकड्या पट्ट्या, एकीवर एक बांधलेल्या. माल चढला की त्या सरळ होतात अन् खड्ड्याचा दणका खातात. सरळ होणं हेच त्यांचं काम. मी चौथीच्या पुढं शिकलो न्हाई, पण जन्म याच कामात गेला.

"न्हाई टाकणार," मी म्हणालो.

"का? जुन्या डिझेल गाडीला तुम्हीच टाकले की!"

"तिच्या पोटात बॅटरी नव्हती. हिच्या हाय. तिचं वजन कंपनीनं आधीच धरलंय, म्हणून मालाचं कमी दिलंय. पाट्यानं गाडी उंच दिसंल, पण अ‍ॅक्सल अन् ब्रेक हायत तेच. अन् वॉरंटी जाईल."

"वॉरंटी चाटू का, काका? मुकादम माल भरून देईना!"

मग त्यानं खरं दुखणं सांगितलं. तो डाळमिलचा माल बाजारातल्या दुकानांना पोचवतो. मिलचा मुकादम शेषेराव वजनावर न्हाई, नजरेवर गाडी भरतो. पाटा सरळ झाला की "बस!" म्हणून हमाल थांबवतो. बाकी सगळ्या गाड्यांना जास्तीचे पाटे, त्या बसतच न्हाईत. हिचा पाटा कंपनीचा, मऊ. गाडी अर्धवट भरून निघते. मिलच्या शेठनं बजावलं होतं, उद्या नीट भरून नेली न्हाईस तर दुसरी गाडी लावतो.

माझं डोकं फिरलं. उठलो, त्याच्याच गाडीत बसून मिलमध्ये गेलो.

"शेषेराव, गाडी काट्यावर नेऊन भरायची," मी म्हणालो.

"काटा कशाला? माझे डोळे फुटले का?"

"डोळे चांगले हायत. सवय खराब हाय."

"मिस्त्री, पाटा तुटला तर नाव हमालाचं येतं. तुमचं येत न्हाई."

बोलणं खरं होतं. म्हणून जास्तच चिडलो.

"तुटला तर माझं नाव सांगा. भरा!"

पोती चढली. पाटा सरळ झाला अन् शेषेरावचा हात सवयीनं वर गेला. गाडी मिलच्या वजनकाट्यावर घेतली. कंपनीच्या वजनाला अजून बरीच जागा निघाली. शेषेरावनं आकडा स्वतः वाचला. पुन्हा पोती टाकली, पुन्हा काटा केला. कंपनीनं दिलेलं वजन भरलं तेव्हा पाटा सरळ होऊन थोडा उलटा वाकला होता, पण चासीखालच्या रबराला टेकला नव्हता. तिथंच मी मडगार्डवर, टायरच्या वरच्या काठाला धरून, लाल रंगाची रेघ मारली.

"टायर इथवर आला की थांबायचं. आधी न्हाई, नंतर बी न्हाई."

तेवढ्यात शेठ आले. "डिझेलच्या गाडीइतका माल कुठं हाय हा?"

"नसणारच. ती गाडी तुम्ही जास्तीचा माल भरून मारत होता."

शेठचं तोंड कडू झालं. मला वाटलं, बालाजीचं काम गेलं. तेव्हा बालाजी पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला, "शेठ, मी दोन खेपा करतो. गावातल्या गावात तर फिरायचं. चार्जिंगला डिझेलइतकं लागत न्हाई."

शेठनं जरा विचार केला अन् म्हणाले, "दुपारच्या आत दोन्ही झाल्या पाहिजेत." होतात. काम टिकलं. शेषेराव आता रेघेला थांबतो अन् वर नव्या हमालांना सांगतो, बसलेला पाटा मोडलेला नसतो.

पण माझ्या मागं नवीच कटकट लागली. रोज कोणीतरी येतो. परवा एकजण नांदेडकडून, पार उमरीहून आला.

"काका, तसली लाल रेघ आम्हाला बी मारा."

"मारतो. आधी गाडी भरून काटा करून ये."

"काट्याचं काय काम? मारा की अंदाजानं. जरा वरच मारा, दोन पोती जास्त बसतील."

अशा माणसासाठी माझ्या दुकानातला लाल रंग कायम संपलेला असतो.