सासूबाईंवर उडवलेले बदाम

भाकरी थापणाऱ्या एका बाईभोवती मी एकदा व्हिडिओत गुलाबी बदाम उडवले. मागं सनई लावली. हसा की! मीही हसते. पण इतकी वर्षं हे हसणं मी एकटीनंच हसत आले, कारण त्या बदामांच्या मागं काय झाकलंय ते गेल्या महिन्यापर्यंत मी कुणापुढं काढलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तो गेला. आता तुम्हीही बसा समोर.

त्या काळी राजारामपुरीत आमचा लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. हे कॅमेरा घेऊन मांडवात, आणि मी घरी पुढच्या खोलीत, दोन व्हीसीआर आणि चित्रांचा मिक्सर घेऊन बसलेली. कापायचं, जोडायचं, सनई भरायची. नवरी लाजली की पडद्यावर पत्त्यांतले बदाम, वऱ्हाड उतरलं की कारंजं, म्हातारी माणसं आली की त्यांना गुलाबाची चौकट. अख्ख्या जिल्ह्याचे संसार माझ्या हातून सुरू होतात असं वाटायचं मला! अक्कल चिमूटभर आणि तोरा परातभर.

शालन माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. चित्रकलेच्या कॉलेजात होती. एका सकाळी तिनं आमचा कॅमेरा स्टँडवर चढवला, स्वयंपाकघरात सासूबाईंच्या पाठीमागं नेऊन ठेवला आणि चालू केला. बस्स. कॉलेजच्या प्रदर्शनात एक टीव्ही ठेवून हेच दाखवायचं म्हणे. बाकीची पोरं रंगवलेली चित्रं टांगणार, आणि ही टीव्ही! व्हिडिओ म्हणजेसुद्धा चित्र असू शकतं, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या स्वप्नात तरी होतं का? कॅसेट माझ्या हातात देऊन ती कॉलेजला पळाली.

"वैनी, नुसती कॉपी काढ. मी अजून बघितली बी न्हाय. कापाकापी करू नगंस हां."

मी लावली. चेहरा नाही, गाणं नाही. एक पाठ, एक कोपर, परातीत गोल फिरणारा हात. भाकरीवर पाणी फिरवलं की चर्र. पुन्हा थाप थाप थाप. मला वाटलं, पोरगी कॅमेरा बंद करायला विसरली. मग वहिनीच्या मायेनं बसले आणि दुसऱ्या कॅसेटवर त्याचे तीन मिनिटांत मावतील असे तुकडे घेतले. सनई भरली. भाकरी फुगली तिथं तर चौफेर बदाम सोडले. काय खूश होते मी स्वतःवर!

हा झाला मूर्खपणा. एवढ्यावर थांबले तर तुम्ही म्हणाल, बिचारी, तिला काय कळतंय — आणि मी ते म्हणू देईन. इतकी वर्षं स्वतःला तेच म्हणत आले ना.

पण मूळ कॅसेट शाबूत होती. मशीनमध्येच होती. मी जेवायला बसले आणि ती चालू राहू दिली. का दिली? कुणास ठाऊक. बघता बघता माझा घास हातातच राहिला. खिडकीतलं ऊन सासूबाईंच्या पाठीवरून सरकत दंडावर आलं होतं. दर दोन भाकऱ्यांनी त्या मनगटानं कपाळावरची बट मागं सारत होत्या. ती पाठ रोज माझ्यासमोर असायची हो! मी कधी पाहिलीच नव्हती. मध्येच शालनला कुणीतरी दारातून हाक मारली, ती बाहेर गेल्याची चाहूल आली. सासूबाईंनी शेवटची भाकरी उतरवली, हात धुतले, इकडंतिकडं बघितलं आणि थेट कॅमेऱ्याकडं आल्या. पदरानं काच पुसली. पडदाभर नुसता पदर. मग त्यांनी काचेला डोळा लावला. सगळा टीव्ही म्हणजे एक डोळा — पिंगट, ओलसर, चौकस. आणि आवाज आला, "एवढं काय दिसतंय गं पोरीला ह्यातनं?"

मी पुन्हा मागं नेऊन बघितलं. पुन्हा बघितलं.

सांगू? मला आनंद नाही झाला. मी त्या पोरीवर जळले. इतकी लग्नं मी कापली-जोडली, आणि त्यातली एकही बाई माझ्या मशीनमधून अशी बाहेर आली नव्हती. ह्या पोरीनं एकदा कॅमेरा ठेवला आणि निघून गेली. निघून गेली! आणि तिला हे मिळालं. प्रदर्शनात लोक तिच्याभोवती उभे राहणार. मला लोक काय म्हणायचे? शूटिंगवाल्यांची बायको.

कोडोलीच्या एका लग्नाची कॅसेट त्या दुपारी भरायची होती. मी ती सासूबाईंच्या कॅसेटवर भरली. घाई होती — असं मी स्वतःला सांगत आले. पण फळीवर कोऱ्या कॅसेटी होत्या. हे वाक्य मी मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं. कोऱ्या होत्या. हाताशी होत्या.

शालनला म्हटलं, मशीननं टेप खाल्ली बघ, पुढचं मलाबी बघायला मिळालं नाही, एवढंच वाचलं. आणि बदाम तिच्या हातात दिले. तिनं एकदा लावून पाहिले आणि कॅसेट पिशवीत टाकली. प्रदर्शनात तिची जागा रिकामी राहिली. पुढं कुरुंदवाडला शाळेत चित्रकलेची बाई झाली. कॅमेऱ्याला काही पुन्हा हात लावला नाही. सासूबाई गेल्या. लोकांच्या सासवा मी तासन्‌तास दाखवल्या, आणि आमच्या घरातल्या बाईचं हलतं चित्र म्हणून उरली ती सनई.

आता आली माझी नात सई. ती हेच शिकते, मीडिया आर्ट. भिंतीवर चित्रं पाडते, समोरून माणूस गेला की त्याच्या सावलीनं ती बदलतात. मी विचारते, लाइट गेली की तुझी कला कुठं जाते गं? ती म्हणते, आज्जी, हाच तर प्रश्न आहे. मग आम्ही दोघी डोकं खाजवत बसतो. मला आवडतं ते.

गेल्या महिन्यात शालन राहायला आली ती तीच बदामांची कॅसेट घेऊन. सईनं ती कॉम्प्युटरात उतरवली. म्हणाली, आता एआयच्या मशीनला सांगून बदाम पुसता येतात, सनई काढता येते, आणि नसलेला पुढचा भाग मशीन स्वतःच्या मनानं रचतं. खरंच की! एकेक बदाम विरत गेला आणि खालून सासूबाईंची पाठ वर आली. मला एवढं कुतूहल की चष्मा पुसून अगदी पुढं सरकले. पुढचं काय रचतंय मेलं?

मशीनमधल्या सासूबाई वळल्या. गुळगुळीत चेहरा, चहाच्या जाहिरातीतलं हसू.

"असं न्हाय गं! हसल्या न्हाईत त्या. कॅमेऱ्यापाशी आल्या, काच पुसली, डोळा लावला—"

मी बोलून गेले. तेव्हा मशीननं खाल्लेल्या टेपवरचं मला कसं माहीत?

सईनं चित्र थांबवलं. शालन माझ्याकडं बघत होती. मग मी सांगितलं. कोडोलीचं लग्न सांगितलं, कोऱ्या कॅसेटी सांगितल्या, ते जळणंही सांगितलं. शालनकडं मी माफी मागितली नाही. मागायला काय तोंड होतं?

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर आली आणि म्हणाली,

"ते ऱ्हाऊ दे, वैनी. मी भाईर गेल्यावर आईनं काय काय केलं, ते पयल्यापास्नं सांग. आता तरी कापू नगंस."