फोडणीची वेळ

"हवेत पाणी हाय की."

हवावाले काका आमच्या घरात पाऊल टाकायचे ते या वाक्यासकट. चपला काढायच्या आधी उजवा हात पुढे करायचे, लहान मुलाचा ताप बघावा तसा तळवा हवेत धरायचे, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे आणि निकाल द्यायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, सोलापुरात नळाला पाणी येत नाही, तुम्हाला हवेत कुठून सापडतं?" त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"नळाचं पाणी दिसतंय वो सायेब. हवेतलं दिसत न्हाय, आन सगळ्यात शिरतंय."

मी मुळात चिडका माणूस. दिवसभर कॉलेजच्या कार्यालयात शिक्के मारून घरी यावं, तर दारात हे आमचं खासगी हवामान खातं उभं. तुमच्याही शेजारी असं कुणीतरी असेल. त्याच्यावर आपण रोज चिडतो आणि त्याच्या दाराला कुलूप दिसलं की दोनदा मागे वळून बघतो.

'हवावाले' हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत त्यांनी सगळी नोकरी हवा सांभाळण्यात घालवली. अशी नोकरी असते हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, म्हणून गिरणीत यंत्रानं ओलावा सोडावा लागतो. किती सोडायचा ते काका ठरवायचे. भिंतीवर ओलावा मोजायचा काटा होता, पण त्यांचा भरवसा तळव्यावर. "काटा मागनं सांगतोय," म्हणायचे.

निवृत्त झाले आणि चॉकलेटच्या मागे लागले.

म्हणजे झालं असं की, त्यांची एकुलती मुलगी आंध्रात गोदावरीकडे दिलेली. काकांच्या घरात तेलुगूच बोलत, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. मुलीच्या सासरी नारळाची बाग आणि नारळांच्या सावलीत कोकोची झाडं. एकदा काका तिथून मूठभर वाळलेल्या बिया रुमालात बांधून घेऊन आले. त्या भाजल्या, सोलल्या आणि बायको गेल्यापासून बंद पडून असलेल्या इडलीच्या ग्राइंडरमध्ये दोन दिवस सलग फिरवल्या. ते दोन दिवस आमच्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात बियांचं अख्खं पोतंच आलं.

"सोलापूरचं म्हटलं की चादर आन शेंगाचटणी. तिसरं कायतरी पायजे की वो."

चॉकलेट व्हायच्या आधी त्यांनी वेष्टनं छापून घेतली. तपकिरी कागदावर ठळक अक्षरात 'सोलापूर'. स्वतःचं नाव कुठंच नाही. मी म्हटलं, आधी माल तर होऊ द्या. तर म्हणाले, "गिरणीत लेबल आदीच छापून येतंय."

सात रस्त्यावरच्या एका मिठाईवाल्यानं त्यांना शब्द दिला होता. दिवाळी ते संक्रांत आपल्या थंड कपाटात तो एक ट्रे ठेवणार. लोकांनी नेलं आणि कुणी नाक मुरडलं नाही, तर तो कप्पा कायमचा काकांचा. त्या एका कप्प्यासाठी या माणसानं तीन वर्षं स्वतःची झोप घालवली आणि आमचीही.

अडचण साधी होती आणि म्हणूनच तिच्यावर उपाय नव्हता. बिया यायच्या मे महिन्यात. मे महिन्यात सोलापुरात चॉकलेट करायचं म्हणजे ताटात ओतायचं आणि चमच्यानं प्यायचं. त्याला थंडी लागते. म्हणजे बिया दिवाळीपर्यंत सांभाळायच्या, आणि मधे सगळा पावसाळा. आपला पाऊस तो काय, पडला तर पडला. पण काकांच्या मते न पडणारा पाऊस जास्त वाईट. आभाळ नुसतं भरून राहतं आणि ओल बियांत शिरते.

पहिल्या वर्षी बुरशी आली. पोतं उघडलं तर गोणपाटासकट सगळं पांढरं. काका उंबऱ्यावर बसून राहिले. "जल्मभर हवेत पाणी घातलं सायेब. आता तेच वसूल करतंय."

दुसऱ्या वर्षी त्यांनी घट्ट झाकणाचं पिंप आणलं, आत कापडात बांधून कळीच्या चुन्याचे खडे ठेवले आणि गिरणीतून आणलेला जुना काटा वर टांगला. ओल आली नाही. अळी आली. कुठून आली, देव जाणे. तरी निवडून निवडून त्यांनी थोडं चॉकलेट केलंच. माझी बायको सूप घेऊन त्यांच्या अंगणात बसली आणि भाजलेल्या बियांची टरफलं तिनं पाखडून दिली. काका तिच्या हाताकडे बघत राहिले. "वैनी, मशीन येईल हो पन्नास हजाराचं, असा हात न्हाय यायचा."

ते चॉकलेट साच्यात थंड होत असताना आमच्याकडे आमटीला लसणाची फोडणी पडली. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, मधे हातभर बोळ. दुसऱ्या दिवशी काकांनी मला एक तुकडा दिला. मी खाल्ला. चॉकलेट होतं, आणि मागून आमटी होती.

"बियांत लोणी असतंय," काका कपाळाला हात लावून म्हणाले. "लोणी वास वढतंय."

त्या दिवसापासून करार झाला. बायकोनं कढईत तेल तापवलं की खिडकीतून ओरडायचं, "काका, फोडणी!" मग पलीकडे धडाधड खिडक्या लागायच्या, पिंपाचं झाकण बसल्याचा आवाज यायचा आणि आतून उत्तर यायचं, "टाका, वैनी!" त्यानंतर आमच्याकडे मोहरी तडतडायची. सकाळ-संध्याकाळ, बाराही महिने. मी भुकेला ताटावर बसलेलो आणि माझ्या घरातली फोडणी शेजाऱ्याच्या परवानगीसाठी खोळंबलेली. मी खूप चिडचिड केली. बायको म्हणायची, "दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडलं?" काही बिघडत नव्हतं. पण रोज दोन मिनिटं थांबायला लावणाऱ्या माणसाचा राग येतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

तिसऱ्या वर्षी सगळं जमलं. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, बिया ठणठणीत. काका दिवसातून तीनदा मूठभर बिया काढून कानाशी खुळखुळवायचे. "ऐका, कशा वाजत्यात!" मलाही ऐकवायचे. आणि नेमकं सप्टेंबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, हैदराबादला, मुलीच्या ओळखीच्या डॉक्टरकडे. घर आठ-दहा दिवस बंद राहणार, हवा कोंडणार. म्हणून पिंप आमच्याकडे आलं.

"झाकण उगडू नका. फकस्त काट्याकडं बगा. साठाच्या वर गेला तर मला फोन करा. दुसरं कायबी करू नका." हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला तीनदा सांगितलेलं आवडत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. मी लांबलेल्या प्रवेशांच्या गर्दीत, समोर पालकांची रांग, संगणक बंद पडलेला. ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, पिंपावर एक पाखरू बसलंय. धान्यातलं असतं ना, तसलं. काकांना फोन करू का?"

"त्यांचं आज ऑपरेशन आहे. डोळ्याला पट्टी बांधून फोन घेणारेत का ते?"

"मग काय करू?"

"तुरीला लावतेस तसं एरंडेल लाव आणि मोकळी हो!" मी ओरडलो आणि फोन ठेवला.

तुमच्या घरातही तांदळाला, तुरीला एरंडेल लावत असतील. आमच्याकडे वर्षानुवर्षं लावतात, कीड जवळ येत नाही. बायकोनं सगळ्या बिया चादरीवर ओतल्या आणि तीन तास खपून एकेक बी चोळली. वरून पिंपात कडुनिंबाचा पालाही घातला, तो मात्र तिच्या मनानं. ते पाखरू आमच्याच ज्वारीच्या डब्यातलं होतं, हे दोन दिवसांनी कळलं.

काका काळा चष्मा लावून परत आले. आल्याबरोबर पिंप उघडलं. तळवा हवेत धरला नाही, नुसते वाकले आणि वास घेतला.

"वैनी, किती तेल लावलं?"

"दोन वाट्या," बायको रडवेली होऊन म्हणाली. "पाखरू दिसलं म्हणून..."

मी तिथंच खुर्चीत पेपर उघडून बसलो होतो. 'मी सांगितलं होतं' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काकांनी चार बिया तळव्यावर घेऊन चोळल्या. "सारखं लागलंय," ते म्हणाले. "येक बी सुटली न्हाय. लई मन लावून केलंय तुमी."

पुढचे कितीतरी दिवस ते आणि बायको जुन्या चादरीच्या तुकड्यांनी एकेक बी पुसत बसले. दिवाळीत भाजल्या, ग्राइंडर फिरला, साचे भरले. आणि काय सांगू, तसं चॉकलेट त्यांना कधी साधलं नव्हतं. चकचकीत, वर एक डाग नाही, मोडलं की कट्ट आवाज. तोंडात टाकलं की लोण्यासारखं विरघळायचं. आणि मग अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, एरंडेल यायचं. थोडंसंच, पण यायचंच.

"उद्या सकाळी गुण बी कळंल," काका हसत म्हणाले.

मी म्हटलं, "काका, द्या मिठाईवाल्याला. कुणाला एवढं कळतंय?"

"माझं नाव असतं तर दिलं असतं की. वर सोलापूरचं नाव हाय."

त्यांनी सात रस्त्याला जाऊन 'यंदा न्हाय' म्हणून सांगितलं. मिठाईवाल्यानं तो कप्पा बर्फीला दिला. चौथ्या उन्हाळ्यात बियांचं पोतं आलं नाही, मुलीचा फोन आला. काका बराच वेळ तेलुगूत बोलत होते आणि मग नुसतेच ऐकत होते. कोकोला भाव पडला म्हणून सासरच्यांनी झाडं काढून पामतेलाची लावली होती.

"दोन्ही बारीला तेलानंच मारलं की वो आपल्याला," ते मला म्हणाले. 'आपल्याला' म्हणाले.

त्याच वर्षी मुलीनं त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ते नेहमीसारखे आले. गिरणीतला काटा कागदात गुंडाळून आणला होता, तो माझ्या हातात दिला. वेष्टनांचा गठ्ठा बायकोला दिला, "चटणी बांधायला घ्या, सोलापूरच लिवलंय." मला राहवलं नाही.

"काका, ते एरंडेल लावायला मीच सांगितलं होतं. फोनवर."

"ठावं हाय," ते चप्पल घालता घालता म्हणाले. "वैनी इचारल्याबिगर झाकण उगडत न्हाईत. आन नव्या डोळ्यानं हितं आलो, तवा पयलं काय दिसलं, तर तुमी पेपर उलटा धरलेला."

मग त्यांनी तळवा हवेत धरला, बोटं चोळली, पण निकाल दिला नाही. रिक्षा थांबलेली होती.

काटा आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. मी रोज बघतो, बघून करायचं काही नसतं. बायकोची सवय मात्र सुटली नाही. तेल तापलं की ती खिडकीशी जाते, बंद खिडकीकडे बघते आणि परत येते. मी आता ताटावर बसून चिडत नाही.

या पावसाळ्यात एका सकाळी मुलीचा फोन आला. मोडक्यातोडक्या मराठीत तिनं सांगितलं, अप्पा पहाटे गेले. फोन आला तेव्हा गॅसवर कढई होती. बायको खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तिथंच राहिली. तेल तापून धूर निघायला लागला, तेव्हा मी उठून गॅस बंद केला.

सुतकात घरात फोडणी देत नाहीत. आम्हाला कसलं सुतक, ते ना आमच्या नात्याचे ना गोत्याचे. पण दहा दिवस आमच्याकडे वरण बिनफोडणीचं झालं, आणि मी ते काही न बोलता जेवलो.