शारजातून सांभाळलेलं स्टेशन

आज विलासला जाऊन एक वर्ष झालं, आणि त्याची सात बेचाळीस आजही लेट आली.

विलास म्हणजे माझा नवरा. सात बेचाळीस म्हणजे इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातून आमची रेवा ऑफिसला जाते ती ट्रेन.

लेक तिकडे नोकरीला गेली आणि तिच्या स्टेशनच्या लाइव्ह कॅमेऱ्याची लिंक याच्या हाती लागली.
माकडाच्या हाती कोलीत.

रोज आमच्या शारजाच्या, अल मजाजमधल्या फ्लॅटमध्ये हाक यायची, "यल्ला, ये लवकर, पोरगी आली फलाटावर."
रेवा कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची. हाही इकडून हलवायचा. तिला दिसत नाही हे सांगून सांगून मी थकले.

मग इतिहास सुरू झाला. दगडाच्या खाणीसाठी लाइन कशी आली, घोडे कुठे बांधायचे, खाण बंद पडल्यावर तिसरा फलाट कसा उखडला.
बर दुबईला देवळाच्या रांगेतसुद्धा लोकांना हे ऐकावं लागलं. बिचारे प्रसादासाठी थांबलेले, जाणार कुठे?

एकदा ऑक्टोबरात सोमवारी फलाटावर अंधार. ट्रेन नाही, रेवा नाही.
याने तिला अकरा फोन केले. शेवटी घरमालकिणीला उठवलं.
रेवा फोनवर आली. "बाबा, क्लॉक्स चेंज झाले काल, एक तास मागे. इट्स ओन्ली सिक्स फॉर्टी-टू. आय वॉज स्लीपिंग."
"आमचं घड्याळ असले चाळे करत नाही," विलास म्हणाला. म्हणजे चूक इंग्लंडची.

त्याला एकदाच त्या फलाटावर उभं राहायचं होतं. लंडन-बिंडन काही नको.
तिकिटं काढली आणि बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, विमान खलास.
त्या दिवशी तो जेवला नाही. मीही नाही.

दोन वर्षं पथ्य पाळलं त्याने. साबुदाणा वडा समोर असून खाल्ला नाही, यावरून काय ते समजा.
शेवटी डॉक्टरांनी हो म्हटलं.

आम्ही गेलो. त्या फलाटावर उतरलो, आणि हा नुसताच उभा. मग वर कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.
इतक्या आनंदात मी त्याला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक गोऱ्या आजी बॅग ओढत आल्या. कोणाला विचारावं? यालाच.
"शहराकडे जाणारी गाडी इथेच येते का?"
"नाही मॅडम, पलीकडे. पूल चढू नका, गेटाशेजारून उताराची वाट आहे. अजून सहा मिनिटं आहेत, सावकाश जा."
आजी खूश. म्हणाल्या, "तुम्ही इथे बरीच वर्षं राहता वाटतं?"
"पाच वर्षं झाली," विलास म्हणाला.

आम्हाला उतरून दहा मिनिटं झाली होती.


विलास, फार हसवलंस रे आयुष्यभर.
भरल्या मनाने आणि हसऱ्या तोंडाने तुला श्रद्धांजली.