हळदीकुंकू लावलेला नमुना

तारिहाळच्या आमच्या कारखान्यात पाठीवरच्या फवारणी पंपाचा पहिला नमुना तयार झाला आणि चाचणीआधी त्याची पूजा झाली. हार, हळदीकुंकू, नारळ. डिझाइनचा प्रमुख म्हणून नारळ मी फोडला. त्या दिवशी आम्ही तेवढंच काय ते फोडलं.

जुना फिटर म्हणाला, “साहेब, टाकी भरून हा आपटू या, उन्हात ठेवू या. नळीच्या जोडाबद्दल मला शंका आहे. सुटायचा तर आत्ताच सुटू दे. साचा अजून बनवायचाय, बदलणं सोपं.”

ते मालकांच्या कानावर पडलं. “ब्याड री, नको! पूजा केलेला पीस आपटायचा? अपशकुन! आणि दुसरा नमुना कोण करणार, तुमचे तीर्थरूप?”

सगळे हसले. मीही हसलो. मालकांच्या विनोदाला हसण्यात मी कधी कमी पडलो नाही.

चाचणी मात्र झाली. मालकांनी पंप पाठीला लावून ऑफिससमोरच्या गुलाबांवर साधं पाणी फवारलं. फोटो निघाले. गुलाबांनी तक्रार केली नाही. टिकाऊपणाच्या तक्त्यात मी सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहून सही केली आणि नमुना काचेच्या कपाटात गेला. फिटर विचारायचा तेव्हा मी म्हणायचो, “अण्णा, साचा होऊ दे, मग बघू.” साचा झाल्यावर म्हणालो, “आता तर साचा झाला, अण्णा.”

पहिल्याच हंगामात अळणावरजवळच्या एका गावात, एका मजूर बाईच्या पाठीवर तो जोड सुटला. औषध पाठभर पसरलं, कातडी सोलून निघाली. मालकांनी फळांची पिशवी देऊन मला पाठवलं.

ती घरात पालथी पडली होती. मला बघून उठायला लागली.

“साहेब, शेताचे मालक म्हणतात पंप मीच मोडला. पट्टा नीट आवळला न्हाई म्हणून. कामावर येऊ नको म्हणतात. तुम्ही कंपनीचे. तुमचं ऐकतील.”

“सांगतो,” मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

शेतमालक अंगणातच उभा होता. “काय हो साहेब, माल कच्चा आहे का तुमचा?”

“छे,” मी म्हणालो. “पट्टा तेवढा नीट आवळायला हवा.”

दार उघडंच होतं. तिनं मान भिंतीकडे वळवली.