कापलेल्या सीनचं परीक्षण

रहस्यपट असला की गायकवाड बाई मध्यंतरातच खुनी कोण ते सांगून टाकायच्या. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मी चिडलो की समोसा मोडत म्हणायच्या, "मिटली ना काळजी? चल, आता माणसं बघू."

लोणावळ्याच्या एका छोट्या साप्ताहिकात आम्ही बरोबर होतो. मी बातम्या बघायचो. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई घोरावाडीहून येऊन चित्रपट परीक्षणं लिहायच्या. माझ्या मजकुरात कुठं 'अप्रतिम' दिसलं की कागद परत देऊन विचारायच्या, "म्हणजे नक्की काय झालं तुला? पुन्हा लिही."

एका वर्षी तुंगार्लीच्या बंगल्यांत आणि भुशीच्या बाजूला एका सिनेमाचं शूटिंग झालं. एकामागून एक बायकांचे खून करणारा हुशार माणूस आणि त्याच्या मागावरचा इन्स्पेक्टर. सिनेमा लागला आणि पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. गावात तर कौतुक मावेना. बाईंनी लिहिलं, 'खुन्याच्या हुशारीवर हा सिनेमा इतका खूश आहे, की मेलेल्या बायकांपैकी एकीचंही घर त्याला दाखवावंसं वाटलं नाही.'

संपादक म्हणाले, "बाई, आपल्या गावचा सिनेमा आहे. जरा सौम्य करा."

"छापायचं नसेल तर परत द्या," बाई म्हणाल्या. ते होतं तसंच छापलं गेलं.

दोन-चार दिवसांत मावळातल्या एका खेड्यातली सुरेखा तणतणत कार्यालयात आली. सिनेमात तळ्याकाठी सापडलेल्या प्रेताचं काम तिनं केलं होतं.

"बाई, तुमी आमच्या शिनेमाला नावं ठिवली? लय गार पान्यात पडून हुते मी. पापनीसुदिक हलवली न्हाई!"

"व्हय गं, चांगली मेलीस तू," बाई तिच्याच बोलीत म्हणाल्या. "पन तुला जितीजागती दावलीच न्हाई त्यांनी."

सुरेखा खुर्चीवर टेकली. तिचा आवाज उतरला. "एक सीन केलता. पोरीची येनी घालून तिला साळंत धाडायची आन् मग मी कामाला निघायची. पोरगी माझीच हुती. समद्या गावाला सांगून ठिवलं हुतं मी. त्योच कापला."

बाईंनी चहा मागवला आणि तिला तो सीन पहिल्यापासून सांगायला लावलं. वेणी कशी घातली, पोरगी काय बोलली, जाताना वळून बघितलं का. पुढच्या अंकात त्यांनी त्या कापलेल्या सीनचं परीक्षण लिहिलं, मायलेकींच्या नावानिशी. इतकं मायेनं त्यांनी दुसऱ्या कुठल्याच सिनेमाबद्दल लिहिलेलं मला आठवत नाही. दिग्दर्शकाचा रागाचा फोन आला. बाईंनी तो पुरता ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तो तुकडा अजून असेल तर तिला पाठवा."

त्यानं पाठवला. सुरेखानं कार्यालयात येऊन मोबाइलवर तो दाखवला. संपल्यावर बाई म्हणाल्या, "परत लाव."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. घोरावाडीच्या घरी बुद्धवंदना झाली, लोक पांगले, तरी मी अंगणात उगाच थांबून राहिलो. आता त्यांच्या जागी परीक्षणं मी लिहितो. लोक भेटले की म्हणतात, छान लिहिता. लिहिलेला कागद माझ्या हातात परत ठेवून 'पुन्हा लिही' म्हणणारं मात्र कुणी उरलेलं नाही.